शेजार आणि धास्ती

परदेशीय किती येऊ द्यावेत, हा प्रश्न स्वित्झर्लंडमध्ये थेट मतदारांपुढे जातो. ९ फेब्रुवारी २०१४ रोजी त्यांच्या आगमनावर मर्यादा घालणारा प्रस्ताव अवघ्या ५०.३ टक्के मतांनी संमत झाला. नवल असे की, परदेशीयांची दाट वस्ती असलेल्या जिनीव्हा, झुरिक व बाझल शहरांनी तो नाकारला. जेथे परदेशीय विरळ, अशा अनेक खेड्यांनी तो उचलून धरला. इटलीच्या सीमेवरील तिचिनो प्रांताने मात्र सुमारे ६८ टक्के होकार दिला. रोज सीमा ओलांडून येणाऱ्या कामगारांमुळे मजुरी उतरेल, ही तेथील धास्ती.

गायकवाडांच्या काळापासून बडोद्यात नांदणाऱ्या आम्हा मराठी कुटुंबांना यातील मर्म सहज उमगते. शेजाराने अनोळखीपणाची भीती ओसरते. पोटाची भीती केवळ शेजाराने ओसरत नाही. राज्यकर्त्यांनी या दोन भीतींची गल्लत करू नये, असे आम्हांस वाटते.