ऑस्ट्रेलियाचा कुशल स्थलांतर व्हिसा: नोकरीची वर्षे आणि गुणांची वर्षे

ऑस्ट्रेलियात कायमस्वरूपी वास्तव्य करू इच्छिणाऱ्या भारतीय अभियंते, लेखापाल, परिचारिका आणि तंत्रज्ञांसाठी गुणांवर आधारित व्हिसा हा प्रमुख मार्ग आहे. या गुणांमध्ये कामाच्या अनुभवाचा वाटा महत्त्वाचा असतो. मात्र नोकरीत आठ वर्षे पूर्ण झाली म्हणजे आठ वर्षांच्या अनुभवाचे गुण मिळतीलच, असे नाही. अनुभवाची वर्षे मोजण्याची ऑस्ट्रेलियाची पद्धत वेगळी आहे. ती समजून न घेता अधिक गुणांचा दावा केल्यास व्हिसा नाकारला जातो आणि भरलेले शुल्कही सामान्यतः परत मिळत नाही.

गुणपद्धतीची पार्श्वभूमी

स्थलांतरितांची निवड गुणांच्या आधारे करण्याची पद्धत प्रथम कॅनडाने १९६७ मध्ये अमलात आणली. ऑस्ट्रेलियाने वंशाधारित स्थलांतर धोरणाचे उरलेसुरले अवशेष १९७३ मध्ये मोडीत काढले आणि १९७९ मध्ये स्वतःची गुणपद्धत स्वीकारली. अधिकाऱ्याच्या मर्जीऐवजी वय, शिक्षण, भाषा आणि अनुभव यांचा हिशेब निर्णायक ठरावा, हा त्यामागील विचार होता.

सध्याची 'स्किलसिलेक्ट' ही संगणकीय व्यवस्था १ जुलै २०१२ पासून अस्तित्वात आहे. इच्छुक व्यक्ती प्रथम या व्यवस्थेत आपली माहिती भरून स्वारस्य नोंदविते. त्यानंतर सरकार अधिक गुण असलेल्यांना व्हिसाचा अर्ज करण्याचे निमंत्रण देते. निमंत्रण मिळाल्यापासून ६० दिवसांत अर्ज दाखल करावा लागतो. १८९, १९० आणि ४९१ या क्रमांकांच्या व्हिसांसाठी ही पद्धत लागू आहे. त्यांपैकी ४९१ हा प्रादेशिक भागासाठीचा तात्पुरता व्हिसा असून तो पुढे कायमस्वरूपी वास्तव्याकडे नेऊ शकतो. किमान पात्रता गुण जुलै २०१८ मध्ये ६० वरून ६५ करण्यात आले. प्रत्यक्षात अनेक व्यवसायांत निमंत्रणासाठी याहून बरेच अधिक गुण लागतात. त्यामुळे पाच गुणांचा फरकही निर्णायक ठरतो, आणि अधिक गुण दाखविण्याचा मोह येथूनच सुरू होतो.

अनुभवाला किती गुण?

ऑस्ट्रेलियाबाहेरील कुशल कामाचा अनुभव तीन वर्षांपेक्षा कमी असल्यास एकही गुण मिळत नाही. तीन वर्षे पूर्ण झाल्यास ५, पाच वर्षांना १० आणि आठ वर्षांना १५ गुण दिले जातात.

ऑस्ट्रेलियात केलेल्या कामाला झुकते माप आहे. तेथील एका वर्षाला ५, तीन वर्षांना १०, पाच वर्षांना १५ आणि आठ वर्षांना २० गुण मिळतात. दोन्ही प्रकारचे मिळून कमाल २० गुणच धरले जातात.

येथे एक बाब ध्यानात घेणे आवश्यक आहे. दोन्ही अनुभव स्वतंत्रपणे मोजले जातात. त्यांची वर्षे एकमेकांत मिळविता येत नाहीत. भारतातील अडीच वर्षे आणि ऑस्ट्रेलियातील सहा महिने मिळून तीन वर्षे होतात, पण गुणांच्या हिशेबात त्यांचे मूल्य शून्यच राहते.

कोणते काम गणले जाते?

अनुभव गणला जाण्यासाठी चार अटी पूर्ण व्हाव्या लागतात. काम मोबदला घेऊन केलेले असावे. ते आठवड्याला किमान २० तासांचे असावे. ते अर्जात नमूद केलेल्या व्यवसायातील किंवा त्याच्याशी निकटचा संबंध असलेल्या व्यवसायातील असावे. आणि ते निमंत्रणाच्या तारखेपूर्वीच्या दहा वर्षांतील असावे.

या दहा वर्षांत काम सलग असण्याची गरज नाही. दोन नोकऱ्यांमधील खंड वगळून महिन्यांची बेरीज करता येते. तथापि विनावेतन प्रशिक्षण अथवा स्वयंसेवी काम या बेरजेत येत नाही.

व्यवसाय ठरतो तो हुद्द्यावरून नव्हे, तर प्रत्यक्ष कामाच्या स्वरूपावरून. भारतीय कंपन्यांत 'व्यवस्थापक' हे पद अनेकदा ज्येष्ठतेमुळे मिळते. काम मात्र प्रोग्रॅमिंगचेच चालू असते. उलटपक्षी, अभियंता म्हणून रुजू झालेली व्यक्ती काही वर्षांनी विक्री विभागात गेली असेल, तर पुढील काळ अभियंत्याच्या अनुभवात धरला जाईलच असे नाही. त्याच क्षेत्रातील स्वाभाविक बढती मात्र निकटचा व्यवसाय म्हणून ग्राह्य ठरू शकते.

वजा होणारी वर्षे

सर्वाधिक गोंधळ होतो तो पुढच्या टप्प्यावर. निमंत्रणापूर्वी अर्जदाराने आपल्या व्यवसायासाठी नेमलेल्या संस्थेकडून कौशल्याचे मूल्यांकन करून घेणे बंधनकारक आहे. संगणक क्षेत्रासाठी ऑस्ट्रेलियन कॉम्प्युटर सोसायटी, अभियंत्यांसाठी इंजिनिअर्स ऑस्ट्रेलिया, परिचारिकांसाठी एएनएमएसी, तर इतर अनेक व्यवसायांसाठी व्हेटासेस या संस्था हे काम पाहतात.

व्यक्ती कोणत्या तारखेपासून 'कुशल' मानावी, याविषयी या संस्था मत देऊ शकतात. त्या तारखेपूर्वीचे काम कौशल्य संपादन करण्यात गेले, असे समजले जाते आणि त्याचे गुण मिळत नाहीत. संगणक क्षेत्रात पदवीचा विषय व्यवसायाशी जुळत असेल, तर साधारणपणे सुरुवातीची दोन वर्षे वजा होतात. विषय जुळत नसल्यास ही वजाबाकी वाढते.

उदाहरणादाखल, पुण्यातील एका काल्पनिक अर्जदाराचा हिशेब पाहू. संगणक अभियांत्रिकीची पदवी घेऊन तो जुलै २०१७ मध्ये नोकरीला लागला. ऑगस्ट २०२५ मध्ये त्याला निमंत्रण मिळाले. त्याचे वय तिशीच्या आत, इंग्रजीचा दर्जा सर्वोच्च आणि तो अविवाहित आहे. वयाचे ३०, पदवीचे १५, इंग्रजीचे २० आणि जोडीदार नसल्याचे १० असे ७५ गुण निर्विवाद आहेत. आठ वर्षे नोकरी झाली म्हणून त्याने अनुभवाचे १५ गुण जोडले आणि ९० गुणांचा दावा केला.

पण मूल्यांकन संस्थेने पहिली दोन वर्षे वगळून त्याला जुलै २०१९ पासून कुशल मानले आहे. म्हणजे ग्राह्य अनुभव सहा वर्षांचा आणि गुण १०. खरी बेरीज ८५ होते.

किमान पात्रता ६५ गुणांची असताना ८५ गुण पुरेसे नाहीत काय, असा प्रश्न येथे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर नकारार्थी आहे. निमंत्रणात जितके गुण नमूद असतात, तितके सिद्ध करावेच लागतात. निमंत्रण ९० गुणांचे असेल आणि तपासणीत ८५ भरले, तर व्हिसा नाकारला जातो. त्यासाठी अर्जदाराने लबाडी केलेली असण्याची आवश्यकता नाही. हिशेबातील प्रामाणिक चूकही पुरेशी ठरते. मुख्य अर्जदाराचे शुल्क चार हजार ऑस्ट्रेलियन डॉलरहून अधिक असते. कुटुंबातील इतर सदस्यांचे शुल्क वेगळे.

संगणक दावा स्वीकारतो, तपासत नाही

स्वारस्य नोंदविताना कोणतेही कागदपत्र जोडावे लागत नाही. भरलेल्या तारखांवरून संगणक गुणांची बेरीज करतो आणि त्यामुळे ती अधिकृत असल्याचा समज होतो. वास्तविक ती केवळ अर्जदाराच्या स्वतःच्या विधानांची बेरीज असते.

प्रत्येक नोकरीच्या नोंदीपुढे ती नमूद व्यवसायाशी संबंधित आहे काय, असा प्रश्न असतो. मूल्यांकन संस्थेने काही काळ वगळला असल्यास त्या एकाच नोकरीच्या दोन नोंदी कराव्यात. वगळलेल्या काळापुढे 'नाही' आणि उर्वरित काळापुढे 'होय' असे उत्तर द्यावे.

दुसरी दक्षता चालू नोकरीबाबत घ्यावयाची आहे. समाप्तीची तारीख कोरी ठेवल्यास ती नोकरी सुरू आहे असे संगणक मानतो आणि मुदत भरताच गुण आपोआप वाढवितो. स्वारस्याची नोंद दोन वर्षे वैध असते. या काळात नोकरी सोडली, कामाचे स्वरूप बदलले किंवा विनावेतन दीर्घ रजा घेतली आणि नोंद दुरुस्त केली नाही, तर न केलेल्या कामाचे गुण खात्यात जमा होत राहतात. निमंत्रण नेमके त्याच वाढीव गुणांवर आले, तर अर्जदार अडचणीत येतो.

वयाची उलटी गणती

अनुभव वाढेपर्यंत थांबावे, असे वाटणे साहजिक आहे. परंतु एकीकडे अनुभवाचे गुण वाढत असताना दुसरीकडे वयाचे गुण घटत असतात. २५ ते ३२ वयोगटाला ३० गुण मिळतात. तेहतिसावा वाढदिवस होताच ते २५ होतात आणि चाळिसाव्या वाढदिवशी १५ वर येतात. पंचेचाळीस वर्षे पूर्ण झालेल्या व्यक्तीला निमंत्रणच मिळू शकत नाही.

बाविसाव्या वर्षी पदवी, दोन वर्षांची वजाबाकी आणि नंतर आठ वर्षांचे सलग काम असा क्रम धरल्यास, अनुभवाचे कमाल गुण बत्तिसाव्या वर्षी हाती येतात. मध्ये वर्षभराचा खंड पडला, तर मिळालेले पाच गुण वाढदिवसाला पुन्हा जातात. मुलांच्या संगोपनासाठी किंवा घरातील आजारपणासाठी नोकरी सोडावी लागलेल्यांना हा नियम अधिक जाचक ठरतो. दहा वर्षांच्या मर्यादेत दोन वर्षांहून अधिक खंड पडल्यास बाहेरील अनुभवाचे १५ गुण गणितानेच अशक्य होतात. अशा वेळी इंग्रजी परीक्षेतील श्रेणी सुधारणे हा अधिक जवळचा मार्ग ठरतो. 'प्रवीण' श्रेणीला १०, तर सर्वोच्च श्रेणीला २० गुण आहेत.

पुरावा कसा उभा करावा?

भारतातील कंपन्या नोकरी सोडताना जे अनुभवपत्र देतात, त्यात बहुधा रुजू होण्याची आणि कार्यमुक्तीची तारीख तसेच पदनाम एवढेच असते. ऑस्ट्रेलियाला यापेक्षा अधिक तपशील हवा असतो. कंपनीच्या अधिकृत कागदावर कामाचे स्वरूप, कालावधी, आठवड्याचे तास, वेतन आणि स्वाक्षरी करणाऱ्याचे पद व संपर्क नमूद असावेत, अशी अपेक्षा असते.

अनेक मोठ्या कंपन्या कामाचे स्वरूप लिहून देण्यास नकार देतात. अशा परिस्थितीत तेथील वरिष्ठ किंवा सहकाऱ्याने शपथेवर केलेले प्रतिज्ञापत्र उपयोगी पडू शकते. ते स्वीकारले जाण्याच्या अटी मूल्यांकन संस्थेगणिक भिन्न असल्याने त्या आधी पाहून घ्याव्यात.

पत्रासोबत वेतन मिळाल्याचा स्वतंत्र पुरावा द्यावा लागतो. नेमणूकपत्र, वेतनपावत्या, त्या त्या वर्षीचा 'फॉर्म १६', प्राप्तिकर विवरणपत्रे, बँकेचे खातेउतारे आणि भविष्य निर्वाह निधीचे पासबुक ही कागदपत्रे त्यासाठी उपयुक्त ठरतात. लहान कारखान्यांत किंवा कार्यशाळांत रोख वेतनावर काम केलेल्या कुशल कारागिरांची येथे पंचाईत होते. काम अस्सल असते, पण ते दाखविणारा कागद नसतो. मराठी किंवा अन्य भारतीय भाषांतील कागदपत्रांसोबत इंग्रजी भाषांतर जोडणे आवश्यक आहे.

खोटी माहिती दिल्यास

चूक आणि खोटेपणा यांत कायदा भेद करतो. चुकीच्या दाव्यामुळे अर्ज फेटाळला जातो. बनावट कागदपत्र किंवा दिशाभूल करणारी माहिती आढळल्यास अर्ज फेटाळला जातोच, शिवाय त्यानंतर तीन वर्षे बहुतेक व्हिसा मिळू शकत नाहीत. चाळिशी ओलांडलेल्या अर्जदारासाठी ही तीन वर्षे म्हणजे दार कायमचे बंद होणे ठरू शकते.

मध्यस्थामार्फत अर्ज केल्याने ही जबाबदारी टळत नाही. ऑस्ट्रेलियातील स्थलांतर सल्लागारांची नोंदणी तेथील शासकीय प्राधिकरणाकडे होते आणि ती यादी कोणालाही पाहता येते. भारतात बसून सल्ला देणाऱ्या प्रत्येकाची अशी नोंदणी असतेच असे नाही. 'गुण वाढवून देतो' असे आश्वासन कोणी दिल्यास ते गुण कोणत्या कागदावर उभे आहेत, हे विचारावे. अर्जावरील नाव अर्जदाराचे असते आणि त्याचे परिणामही त्यालाच भोगावे लागतात.

अर्जापूर्वी काय पाहावे?

मूल्यांकनपत्रातील कुशलतेची तारीख आणि पत्राची मुदत प्रथम तपासावी. त्या तारखेपासून महिने मोजावेत. ज्या महिन्यांसाठी वेतनाचा पुरावा नाही, ते बाजूला ठेवावेत. गुणांचा टप्पा अवघ्या काही दिवसांनी गाठला जात असेल, तर थोडे थांबून दावा करणे श्रेयस्कर. आणि आज नोकरीत असलेल्यांनी, परदेशी जाण्याचा विचार अद्याप पक्का नसला तरी, वेतनपावत्या आणि कामाच्या स्वरूपाचे पत्र वेळीच जपून ठेवावे. कंपनी बंद पडल्यावर किंवा वरिष्ठ बदलून गेल्यावर तेच पत्र मिळविणे कठीण होते. केलेल्या कामाची वर्षे कोणी हिरावून घेत नाही. परंतु गुण मात्र सिद्ध करता येणाऱ्या वर्षांनाच मिळतात.

हे नियम वेळोवेळी बदलत असतात. अर्ज करण्यापूर्वी ऑस्ट्रेलियाच्या गृह विभागाची आणि संबंधित मूल्यांकन संस्थेची ताजी माहिती पाहणे आवश्यक आहे.