विश्वासावर चाललेलें घर

विश्वास हा शब्द आपण मराठींत दोन अर्थांनीं वापरतों. देवावर विश्वास ठेवावा असें म्हणतों, आणि अमक्या माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवावा असेंहि म्हणतों. पहिला अर्थ धर्माचा, दुसरा व्यवहाराचा. ख्रिस्ती सेवाकार्याचा विचार करूं लागलें म्हणजे हे दोन अर्थ एकमेकांपासून सुटे करतां येत नाहींत. जो आपला धर्म सेवेच्या द्वारें दुसऱ्यापुढें ठेवूं पाहतो, त्याला देवाचा भरंवसा जितका लागतो, तितकाच ज्यांची सेवा करावयाची त्यांचाहि लागतो. ह्या दोहोंची ओढाताण पंडिता रमाबाईंच्या चरित्रांत जशी स्पष्ट दिसते, तशी महाराष्ट्रांत अन्यत्र क्वचितच दिसेल.

त्यांचें पूर्वचरित्र श्रोत्यांना ठाऊकच असेल. जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनीं लोकनिंदा सोसून पत्नीला व मुलीला संस्कृत शिकविलें. दुष्काळांत आईबाप गेले. कलकत्त्यास पंडितांनीं मान दिला. १८८२ सालीं वैधव्य आलें. १८८३ सालीं वैद्यकी शिकावी ह्या हेतूनें रमाबाई इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज येथील भगिनीमंडळांत राहिल्या. त्या भगिनींनीं त्यांना लंडनमधील फुलहॅम येथें आपण चालविलेलें एक आश्रयगृह दाखविलें. समाजानें टाकलेल्या, वाट चुकलेल्या स्त्रियांना तेथें आपुलकीनें वागविलें जात होतें. ह्या बायकांविषयीं इतकी माया तुम्हांला कां वाटते, असें रमाबाईंनीं विचारलें, तेव्हां त्यांना ख्रिस्ताची व शोमरोनी स्त्रीची कथा सांगण्यांत आली. पुढें १९०७ सालीं आपली साक्ष लिहितांना त्यांनीं ह्या प्रसंगाला मोठें महत्त्व दिलें आहे. सेवा अगोदर दिसली, मत मागाहून पटलें. नीलकंठशास्त्री गोरे यांच्या पत्रांचाहि त्यांच्या मनावर परिणाम झाला होता. २९ सप्टेंबर १८८३ रोजीं त्यांनीं व लहानग्या मनोरमेनें बाप्तिस्मा घेतला. परंतु बाप्तिस्म्याबरोबर त्यांनीं आपली बुद्धि कोणाच्या स्वाधीन केली नाहीं. वाँटेजच्या भगिनींशीं सिद्धांतांवरून त्या पत्रांतून कशा कडाक्यानें भांडत, हें मुळांतच वाचण्यासारखें आहे.

११ मार्च १८८९ रोजीं त्यांनीं मुंबईंत शारदासदन उघडलें आणि पुढच्या वर्षीं तें पुण्यास नेलें. पैसा अमेरिकेंतील रमाबाई असोसिएशनचा होता. दहा वर्षें खर्च चालविण्याचें त्या मंडळानें कबूल केलें होतें. विधवांनीं येथें येऊन शिकावें, आपापले आचार पाळावे, कोणावर धर्माची सक्ति होऊं नये, असें ठरलें होतें. सल्लागारांत रानडे व भांडारकर यांच्यासारखे पुरुष होते. रमाबाई आपल्या खोलींत प्रार्थना करीत आणि खोलीचें दार उघडें ठेवीत. कांहीं मुली आपण होऊन येऊन बसूं लागल्या. एवढ्यावरून पुण्यांत जो क्षोभ उसळला, त्याची परिणति १८९३ सालीं सल्लागारांच्या राजीनाम्यांत झाली, आणि पुष्कळ पालकांनीं आपल्या मुली काढून नेल्या.

ह्या वादांत केसरीकर खरे कीं रमाबाई खऱ्या, असा प्रश्न अद्यापि विचारला जातो. मला दोन्ही पक्षांत तथ्य दिसतें. जिला दुसरा आसरा नाहीं, जी अन्नवस्त्राला बाईंच्या हाताकडे पाहते, अशा पोरसवदा विधवेच्या दृष्टीनें उघडें दार हें नुसतें उघडें दार नसतें. कृतज्ञतेचाहि एक भार असतो. पालकांनीं मुली पाठविल्या त्या तटस्थतेच्या वचनावर. उलट, ज्या श्रद्धेंतून हें सारें काम निघालें, ती श्रद्धा दार लावून, चोरून पाळावी, असें त्या बाईंना सांगणें म्हणजे त्यांना खोटेपणा शिकविणेंच होय. सदनांत राहून प्रत्येक मुलगी ख्रिस्ती झाली असेंहि नाहीं. अगदीं आरंभीच्या विद्यार्थिनींपैकीं गोदूबाई हिंदूच राहिल्या; त्यांच्याशीं १८९३ सालींच धोंडो केशव कर्वे यांनीं पुनर्विवाह केला, आणि १८९६ सालीं कर्व्यांनीं विधवांसाठीं स्वतःची संस्था काढली. ह्या वादानंतर रमाबाईंनीं काय केलें, तें मला अधिक मोलाचें वाटतें. त्यांनीं पुढें जें घर उभारलें, तें ख्रिस्ती म्हणूनच उभारलें. तेथें येणाऱ्याला आपण कोणाच्या दारीं आलों हें पहिल्या दिवसापासून ठाऊक असे.

ह्याच सुमारास त्यांच्या वाचनांत जॉर्ज म्यूलरचें वृत्त आलें. म्यूलर हा प्रशियांत १८०५ सालीं जन्मलेला मनुष्य. त्यानें इंग्लंडांत ब्रिस्टल येथें अनाथगृहें काढलीं. त्याचे नियम थोडे पण कठीण होते. कोणाही माणसापाशीं पैसा मागावयाचा नाहीं. कर्ज काढावयाचें नाहीं. गरज देवाला सांगावयाची. आणि आलेल्या पैचा हिशेब दरसाल छापावयाचा. ह्या रीतीनें ॲशली डाऊनच्या टेकडीवर १८७० पर्यंत पांच प्रचंड इमारती उभ्या राहिल्या आणि त्यांत दोन हजार मुलांची सोय झाली. ह्यांतला शेवटचा नियम लोक विसरतात. ज्याला देवावर भरंवसा टाकावयाचा, त्यानें वह्या चोख ठेवल्याच पाहिजेत, हें म्यूलरला पक्कें समजलें होतें. इतर देशांत देवावर असा भार टाकतां येतो, मग हिंदुस्थानांत कां येऊं नये, असा प्रश्न तें वाचून रमाबाईंना पडला.

परीक्षेला वेळ लागला नाहीं. पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर केडगांव येथें त्यांनीं आधींच जमीन घेऊन फळझाडें लाविलीं होतीं. अमेरिकेची दहा वर्षें कधींतरी संपणार, हें त्यांच्या लक्षांत होतें. १८९६-९७ च्या दुष्काळांत त्या मध्यप्रांतांत गेल्या आणि तीनशेंच्या वर मुली व बायका घेऊन आल्या. आपण स्वतः लहानपणीं दुष्काळ भोगलेला, म्हणून त्यांना घरीं बसवेना. पुण्यांत त्या वेळीं प्लेग. शहरांत इतकीं माणसें ठेवावयास परवानगी मिळेना. तेव्हां तीं सारीं केडगांवच्या उघड्या माळावर नेलीं. घर नाहीं, कपडा नाहीं, पुढच्या महिन्याच्या पैशाची हमी नाहीं, आणि मुली रोगानें व उपासमारीनें पोखरलेल्या. १८९८ सालीं जुनें अमेरिकन मंडळ मुदत संपून बंद झालें. त्याच्या जागीं नवें निघालें आणि मदत येत राहिली हें खरें. पण शेंकडों पोटांची जबाबदारी कोणीं लेखी पत्करलेली नव्हती. अशा स्थितींत मुक्तिसदन उभें राहिलें. १९०० सालच्या दुष्काळांत गुजराथेंतून आणखी मुली आल्या, आणि घरांतील संख्या दोन हजारांच्या आसपास गेली.

देव देईल म्हणून तेथें कोणी स्वस्थ बसत नसे. विहिरी खणल्या, शेती झाली. माग, तेलाचा घाणा, दुभतीं जनावरें, शिवणकाम, छापखाना, असे उद्योग बायकांच्या हातीं दिले. फसलेल्या स्त्रियांसाठीं कृपासदन निराळें होतें. आंधळ्या मुलींना मनोरमाबाई ब्रेल लिपींतून वाचावयास शिकवीत. येथें एक बारीकसा आक्षेप नोंदवितों. म्यूलर आपली गरज माणसाला सांगत नसे. मुक्तीचें इंग्रजी पत्रक मात्र परदेशीं जाई आणि त्यांत सदनाचें वर्तमान असे. तें वाचून कोणाचा हात खिशाकडे गेला, तर त्याला केवळ प्रार्थनेचें फळ म्हणावें कीं नाहीं, ह्याबद्दल मतभेद होऊं शकेल. मला त्यांत वावगें दिसत नाहीं. दुष्काळाची बातमी लपविण्यांत कोणतेंच पुण्य नव्हतें. १९०५ सालीं सदनांत मोठी धर्मजागृति झाली, आणि मुलींचीं पथकें आसपासच्या गांवांतून सुवार्ता सांगत फिरूं लागलीं. त्याविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे. मी तें पुन्हां सांगत नाहीं.

त्यांचें शेवटचें काम मात्र सांगितलें पाहिजे. प्रचलित मराठी बायबल खेड्यांतल्या अडाणी बाईला कळत नाहीं, असें त्यांना दिसून आलें. म्हणून त्या उतारवयांत हिब्रू व ग्रीक शिकल्या, आणि मूळ भाषांवरून सबंध शास्त्राचें साध्या मराठींत भाषांतर करावयास बसल्या. हें काम सुमारें अठरा वर्षें चाललें. ज्या बाईनें बाळपणीं पुराणें मुखोद्गत केलेलीं, तिनें संस्कृतप्रचुर भाषा मुद्दाम टाकावी, ह्यांतली तपश्चर्या वाङ्मयाच्या अभ्यासकांनीं तरी ओळखावयास हवी होती. छापण्याचें काम बाहेर दिलें नाहीं. एके काळीं दुष्काळांतून आणलेल्या मुलींनीं खिळे जुळविले. टीपांसाठीं लागणारे हिब्रू व ग्रीक खिळेसुद्धां त्याच जुळवूं लागल्या. १९२१ च्या जुलैंत मनोरमाबाई वारल्या, आणि ५ एप्रिल १९२२ रोजीं रमाबाईहि गेल्या. भाषांतर तोंवर पुरें झालें होतें. संपूर्ण ग्रंथ १९२४ सालीं केडगांवच्या छापखान्यांतून बाहेर पडला. ख्रिस्ती मंडळ्यांच्या उपासनेंत तो फारसा रूढ झाला नाहीं. तेथें बायबल सोसायटीचेंच भाषांतर वाचलें जात राहिलें. केडगांवचें घर मात्र आजहि चालू आहे.