खातं तात्पुरतं बंद झालं तर

आज बंद झालेल्या खात्याबद्दल बोलूया. तुमच्यापैकी कितीतरी जणांचा धंदा व्हॉट्सॲपवर चालतो. डब्यांच्या ऑर्डरी, क्लासचे ग्रुप, सगळं तिथेच. सकाळी ॲप उघडलं आणि ‘खात्यावर तात्पुरती बंदी’ दिसली, की पोटात गोळाच येतो.

पण तो निरोप नीट वाचा. बंदी तात्पुरती असेल तर खाली उलटी मोजणी चालू असते. नेहमीचं कारण म्हणजे जीबी व्हॉट्सॲपसारखी नकली ॲप्स. ब्लू टिक लपवता येते म्हणून कुणीतरी टाकून दिलेलं असतं! अशा वेळी आधी चॅटचा बॅकअप घ्या, मगच नकली ॲप काढून मूळ ॲप टाका. घाईत उलटं केलंत तर जुने हिशेब, पत्ते गेलेच म्हणून समजा. आणि मूळ ॲप टाकलं तरी मुदत भरावीच लागते हो.

‘पाचशे रुपये द्या, लगेच सुरू करतो’ म्हणणारा याच वेळी भेटतो. त्याला सहा आकडी कोड सांगितलात, तर बंदी उठेल तेव्हा खातं त्याच्या हातात असेल.

बंदी चुकीची वाटली तर? २०२१ च्या आयटी नियमांप्रमाणे कंपनीला तक्रार अधिकारी नेमावा लागतो. त्याने २४ तासांत पोच द्यायची असते. निर्णय पटला नाही, तर ३० दिवसांत सरकारच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन अपील करता येतं. एका दिवसाच्या बंदीला याचा उपयोग नाही, खरं सांगतो. पण बंदी पुन्हापुन्हा येत असेल, तर प्रत्येक वेळचा स्क्रीनशॉट तारखेसकट ठेवत चला.