टॅबमधला सर्व्हे, टेबलावरचा संगणक

टॅबमधली मोठी फाइल संगणकावर न्यायची तर तीन गोष्टी पाहाव्या लागतात: ती मोठी का झाली, कोणत्या वाटेने जाणार आणि पलीकडे पूर्ण पोचली का. पाच-दहा एमबीची फाइल कशीही जाते. काहीशे एमबी ओलांडले की अडचणी सुरू होतात. मेल नकार देतो, नेट रेंगाळते, पेनड्राइव्ह अर्ध्यावर थांबतो.

उरण तालुक्यातल्या द्रोणागिरीत हे रोजचे काम आहे. सिडको या शहरविकास महामंडळाचा हा नोड (आखीव वसाहत) 26 मे 1989 रोजी सुरू झालेल्या न्हावा शेवा बंदराच्या पाठीशी वसला आहे. रहिवासी इमारतींच्या जोडीने इथे कंटेनर यार्ड आणि सीएफएस आहेत. सीएफएस म्हणजे बंदराबाहेर कंटेनर उघडण्याची, माल भरण्या-उतरवण्याची आणि कस्टम्सच्या तपासणीची जागा. कंटेनर आणि मालाची पाहणी करणारा सर्व्हेयर टॅब घेऊन कंटेनरभोवती फिरतो. दाराचा क्रमांक, सील, पोचे, गंजलेला कोपरा, आतली लाकडी फरशी, भिजलेली खोकी, सगळ्याचे फोटो काढतो. अहवाल मात्र केबिनमधल्या संगणकावर तयार होतो. मधले अंतर काही पावलांचे असते, पण फाइलला ते कधीकधी दुपारभर पुरते.

फाइल फुगते कशाने, ते आधी पाहू. टॅबच्या कॅमेऱ्याचा एक फोटो साधारण 4 एमबीचा धरला, तर एका कंटेनरचे 40 फोटो 160 एमबी होतात आणि दहा कंटेनरांचे दीड जीबीच्या वर जातात. स्कॅनचा हिशेब अधिक बोलका आहे. ए-फोर कागद 300 डीपीआयवर रंगीत स्कॅन केला तर सुमारे 87 लाख बिंदू होतात. प्रत्येक बिंदूला 3 बाइट धरले तर एका पानाचा कच्चा आकार 26 एमबी भरतो. तेच पान निव्वळ काळ्या-पांढऱ्यात घेतले तर कच्चा आकार जेमतेम 1 एमबी होतो आणि दाबून बसवल्यावर तो केबींत मोजावा लागतो. चालान, पॅकिंग लिस्ट, बिल ऑफ लेडिंग यांना रंगाची गरज क्वचितच असते. कस्टम्सच्या ई-संचित प्रणालीत 2018 पासून देशभर कागदांच्या पीडीएफ चढवल्या जाऊ लागल्या. तिथे प्रत्येक फाइलला 1 एमबीची मर्यादा घातली गेली आणि काळ्या-पांढऱ्या स्कॅनची किंमत अनेक कार्यालयांना तेव्हा कळली. पोचे आणि ओल दाखवणारे फोटो मात्र लहान करू नयेत. त्यातला तपशील हाच पुरावा असतो.

झिप केल्याने फाइल हलकी होते, हा समज इथे फारसा उपयोगी नाही. जेपीईजी फोटो आणि स्कॅनच्या पीडीएफ आधीच दाबलेल्या असतात, त्यामुळे झिपमध्ये एखादा टक्का वाचतो. झिपचा खरा फायदा वेगळा आहे: 400 सुट्या फोटोंची एक फाइल होते, आणि ती नेणे व तपासणे दोन्ही सोपे जाते.

संगणक जवळ असेल तर सर्वात भरवशाची वाट केबलची. तिच्यातली पहिली फसगत केबलच्याच पोटात असते. साध्या यूएसबी केबलमध्ये वीज नेणाऱ्या दोन तारा आणि माहिती नेणाऱ्या दोन तारा असतात. स्वस्तातल्या काही केबलींत माहितीच्या तारा घातलेल्याच नसतात. टॅब चार्ज होतो, पण संगणकाला तो दिसत नाही आणि दोष मात्र टॅबवर जातो. केबल बदलून पाहणे हा अशा वेळचा पहिला उपाय. दुसरी फसगत सेटिंगची. अँड्रॉइड टॅब जोडला की तो आधी फक्त चार्जिंगवर असतो. वरून पट्टी खाली ओढून यूएसबीच्या सूचनेत ‘फाइल ट्रान्सफर’ निवडले, तरच विंडोजच्या ‘धिस पीसी’मध्ये टॅबचे नाव उमटते.

हा टॅब पेनड्राइव्हसारखा उघडत नाही. अँड्रॉइड एमटीपी पद्धत वापरते, तिच्यात संगणक टॅबकडे एकेक फाइल मागतो आणि टॅब ती देतो. म्हणून टॅबमधली पीडीएफ तिथूनच उघडून दुरुस्त करायला जाऊ नये, आधी ती संगणकावर कॉपी करावी. तसेच ‘कट’ न करता ‘कॉपी’च करावी, कारण वाटेत केबल हलली तर कट केलेल्या फाइलचा भरवसा नसतो. वेग पोर्टवर ठरतो. यूएसबी 2.0 चा कागदावरचा वेग सेकंदाला 480 मेगाबिट आहे, प्रत्यक्षात सेकंदाला 30 एमबीच्या आसपास मिळतो. दीड जीबीला सुमारे 50 सेकंद लागतात. चहा मागवण्याइतकाही वेळ नाही.

आयपॅडची तऱ्हा थोडी निराळी. फोटो केबलने थेट दिसतात. इतर ॲपमधल्या फाइली विंडोजवर आयट्यून्स किंवा ‘ॲपल डिव्हाइसेस’मधून आणि मॅकवर फाइंडरमधून काढाव्या लागतात. विंडोजवर बरेच फोटो उचलताना उपकरण काम करत नसल्याचा निरोप येऊन कॉपी मध्येच तुटते. पुष्कळदा याचे कारण असे की आयपॅड आपल्या एचईआयसी स्वरूपातल्या प्रत्येक फोटोचे जाता जाता जेपीईजीत रूपांतर करत असतो आणि त्यात दमतो. फोटोंच्या सेटिंगमध्ये ‘कीप ओरिजिनल्स’ निवडले की बहुतेक वेळा अडथळा जातो. मग एचईआयसी फाइली उघडण्याची सोय संगणकावर असावी लागते, इतकेच.

केबल नसेल तर टाइप-सी पेनड्राइव्ह चालतो. आयपॅडलाही 2019 च्या आयपॅडओएस 13 पासून तो लावता येतो. इथली जुनी अडचण फॅट-32 ची. या पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर 4 जीबीपेक्षा मोठी एकही फाइल बसत नाही. 64 जीबी रिकामे असले तरी संगणक फाइल जास्त मोठी असल्याचे सांगून मोकळा होतो. एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केले की प्रश्न सुटतो, फक्त त्याआधी पेनड्राइव्हमधले सगळे बाजूला काढून ठेवावे. आणि ‘इजेक्ट’ न करता उपटलेला पेनड्राइव्ह हे अर्धवट फाइलींचे नेहमीचे कारण आहे. काही कार्यालयांत व्हायरसच्या धास्तीने पोर्टच बंद केलेले असतात, तिथे ही वाट नाही.

बिनतारी वाट दोन प्रकारची असते आणि लोक त्यांची गल्लत करतात. एकीत फाइल टॅबमधून वायफायवरून सरळ संगणकावर येते, इंटरनेट लागत नाही. अँड्रॉइड ते विंडोज यासाठी गूगलची क्विक शेअर आहे (जानेवारी 2024 पर्यंत तिचे नाव निअरबाय शेअर होते), आयपॅड ते मॅक यासाठी एअरड्रॉप, आणि कोणत्याही जोडीसाठी लोकलसेंडसारखे मोफत ॲप. पाहुण्यांसाठीच्या वायफायवर उपकरणे एकमेकांना दिसू नयेत अशी सोय असते, तिथे यांतल्या काहींना संगणक सापडत नाही. मग टॅबचा हॉटस्पॉट चालू करून संगणक त्याला जोडावा. पडदा विझला की फाइल जाणे थांबू शकते, म्हणून तो जागा ठेवावा.

दुसरीत फाइल आधी दूरच्या सर्व्हरवर चढते आणि तिथून उतरते. संगणक समोर असताना हा काखेत कळसा आणि गावाला वळसा आहे. शिवाय नेटचा वेग मेगाबिटमध्ये सांगतात आणि फाइल मेगाबाइटमध्ये मोजतात. एका बाइटमध्ये आठ बिट. अपलोडचा वेग 5 मेगाबिट असेल तर 600 एमबी चढायला 16 मिनिटे लागतात, दीड जीबीला 40. पोलादी कंटेनरांच्या थप्प्यांमध्ये सिग्नल पडतो, तेव्हा हा हिशेबही चुकतो. अहवाल मुंबईच्या किंवा परदेशातल्या कार्यालयाला पाठवायचा असेल तेव्हा मात्र गूगल ड्राइव्हसारखी वाट घ्यावी लागते. गूगल ड्राइव्हची फुकट जागा 15 जीबी, आणि तीही मेल व फोटोंसोबत वाटून घेतलेली. जीमेलची जोडपत्राची मर्यादा 25 एमबी. मेलसाठी फाइलचे अक्षरांत रूपांतर होताना ती सुमारे तृतीयांशाने वाढते, म्हणून 20 एमबीची फाइलही अडकू शकते.

व्हॉट्सॲपवर 2022 पासून 2 जीबीपर्यंतची फाइल जाते, पण ती ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडली तरच जशीच्या तशी जाते. ‘फोटो’ म्हणून पाठवलेले चित्र दाबले जाते आणि कधी, कुठे काढले ही त्यातली नोंदही गळते. सर्व्हेच्या फोटोचे निम्मे मोल त्या नोंदीत असते.

कस्टम्स खात्याने 2020 मध्ये निर्यात माल तपासणाऱ्या अधिकाऱ्यांसाठी आइसटॅब नावाचे टॅब आणले. त्यावरून तपासणीचा अहवाल माल उभा असतो तिथूनच थेट प्रणालीत जातो, मधला संगणक लागत नाही. खासगी सर्व्हेयरला ही सोय नसते, त्याला फाइल हातानेच न्यावी लागते.

नेल्यावर ती तपासणेही आले. फाइलींची संख्या आणि एकूण आकार दोन्हीकडे जुळले पाहिजेत, पहिली-शेवटची फाइल उघडून पाहावी. महत्त्वाच्या झिपचा हॅश काढावा. विंडोजच्या कमांड खिडकीत ‘सर्टयूटिल’ आज्ञेने शा-256 हॅश मिळतो, म्हणजे फाइलच्या प्रत्येक बिटावरून काढलेली 64 चिन्हांची ओळख. टॅबवर हॅश काढणारी मोफत ॲप आहेत. दोन्ही हॅश तेच असतील तर प्रत हुबेहूब आहे, एका बिटाचा फरक असला तरी ते जुळत नाहीत.

हा केवळ काटेकोरपणाचा छंद नाही. भारतीय साक्ष्य अधिनियम 1 जुलै 2024 पासून लागू झाला. त्याच्या कलम 63 खाली इलेक्ट्रॉनिक नोंद न्यायालयात पुरावा म्हणून द्यायची तर सोबत प्रमाणपत्र लागते आणि त्याच्या नमुन्यात हॅशचा रकाना आहे. भिजलेल्या मालाचा विमादावा वर्षभराने न्यायालयात उभा राहिला, तर तो रकाना भरावा लागेल. तेव्हा टॅबमधली मूळ फाइल हॅश लिहून ठेवण्याआधी पुसू नये.