बालवाडीची ताई : तिची नीती आणि तिची साधने

डॉक्टर शपथ घेतो. वकिलाला सनद मिळते आणि गैरवर्तन केल्यास ती काढूनही घेतली जाते. परंतु तीन ते सहा वर्षांच्या मुलांना शिकविणाऱ्या ताईलाही काही व्यावसायिक नीती असते, हा विचार आपल्याकडे अद्याप रुजलेला नाही. 'पोरं सांभाळायला काय शिक्षण लागतंय?' असे उद्गार आपल्याच वस्तीत ऐकू येतात. आज आपल्या वस्त्यांतील कितीतरी लेकी-सुना अंगणवाडीत सेविका व मदतनीस म्हणून काम करीत आहेत, काही विद्यार्थिनी या क्षेत्रात येऊ पाहत आहेत. म्हणून या विषयाची थोडी मांडणी करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

बालशिक्षणाचा उगम श्रीमंतांच्या दिवाणखान्यात झाला, हा एक गैरसमज आहे. डॉ. मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली आपले पहिले बालगृह उघडले ते रोममधील सॅन लोरेन्झो या गरीब कामगार वस्तीत. आपल्याकडे भावनगरच्या गिजुभाई बधेकांबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले. अनुताई वाघ तेथे त्यांना येऊन मिळाल्या. पाड्यांवरची मुले बालवाडीपर्यंत येईनात, तेव्हा या बायांनी बालवाडीच उचलून मुलांच्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' हा शब्द आणि ही कल्पना त्यातून आली. १९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. माँटेसरीची मूळ साधने महाग, तेव्हा पाने, बिया, शिंपले, दगड, माती हीच साधने झाली. मूल येत नाही हा मुलाचा दोष न मानता आपण त्याच्यापर्यंत पोहोचायचे, ही भूमिका ज्यांनी घेतली त्यांनाच अशी साधने सुचली, असे आमचे मत आहे.

अमेरिकेतील बालशिक्षकांच्या राष्ट्रीय संघटनेने १९८९ साली एक लेखी आचारसंहिता स्वीकारली. मूल, कुटुंब, सहकारी आणि समाज अशा चार नात्यांतील जबाबदाऱ्या तीत मांडल्या आहेत. पण सर्वांवर एक तत्त्व ठेवले आहे, ते हे की मुलाला अपाय होईल असे काहीही करावयाचे नाही. वाचायला सोपे वाटते. अपाय म्हणजे केवळ मारणे असे धरले तर बहुतेक ताया निर्दोष सुटतील! शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांना २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेत बंदी केली. तो कायदा मुख्यतः ६ ते १४ वयोगटासाठी आहे म्हणून त्याहून लहानग्यांना धाक चालतो, असे कोणी समजू नये. चार मुलांसमोर 'हिला काहीच येत नाही' असे म्हणणे, चड्डी ओली झाली म्हणून हसणे, साडेतीन वर्षांच्या हाताला पाटीभर अक्षरे गिरवायला लावणे, हेही अपायच होत.

या शेवटच्या गोष्टीत पालकांचा आग्रह फार असतो. शेजारच्या इंग्रजी शाळेतले मूल ए-बी-सी-डी लिहिते, मग आमचे का नाही? पालकांची ही तळमळ खरी आहे. शिक्षणावाचून पिढ्या गेल्या त्या घरांना घाई असणारच. परंतु त्यांना खूश करण्यासाठी मुलाच्या बोटांवर जुलूम करणे प्रामाणिकपणाचे नव्हे. ताईने त्यांना समजावून द्यावे : चिमटीने रांगोळी सोडणारे मूल पेन्सिल धरायला तयार होत असते, आणि चिंचोके व शिंपले वेगळे करणारे मूल गणिताचा पाया घालीत असते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही तीन ते आठ हा वयोगट पायाभूत टप्पा मानून खेळातून शिकण्यावर भर दिला आहे.

पंगतीचा प्रश्न आम्ही मुद्दाम वेगळा काढतो. अंगणवाडीत मुले कोणाशेजारी बसतात, खाऊ कोण शिजवितो, कोणाला ताटली घरून आणावयास सांगतात, पाण्याच्या पिंपाला कोण हात लावतो, हे सर्व मूल पाहत असते. संविधानाच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. पण तीन वर्षांचे मूल कलम वाचत नाही, बसण्याची जागा वाचते. ताई कोणत्याही समाजाची असो, येथे तिने तडजोड करता कामा नये. तसेच बोलीचे. घरची बोली 'अशुद्ध' म्हणून हिणविली की मूल गप्प होते, आणि गप्प झालेल्या मुलाला काय येते हे कळायचे कसे?

नीतीची सर्वांत कठीण परीक्षा वजनकाट्यापाशी होते. मूल तीव्र कुपोषित आहे असे नोंदविले की वरून विचारणा येते, बैठकीत बोलणी बसतात. सहा महिन्यांवरील मुलाचा दंडघेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर ते तीव्र कुपोषित धरतात. अर्धा सेंटिमीटर वाढवून लिहिणे फार सोपे असते, पण त्या अर्ध्या सेंटिमीटरने मूल उपचाराच्या यादीतून गळते. जी ताई खरा आकडा लिहिते तिच्या पाठीशी वस्तीने उभे राहिले पाहिजे, एवढे आम्ही स्पष्ट म्हणतो.

घरातल्या गोष्टी मुले सहज सांगून टाकतात. बापाचे पिणे, आईचा आजार, उसनवारी हे ताईच्या पोटात राहिले पाहिजे, नळावर वा मोबाईलच्या गटात जाता कामा नये. अपवाद एकच. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले किंवा तशी शंका आली, तर २०१२ च्या पोक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे, न कळविणे हा गुन्हा आहे. मुलांसाठीचा १०९८ हा मदत क्रमांक प्रत्येक अंगणवाडीच्या भिंतीवर हवा.

आता ताईच्या बाजूने. २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांनी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, पोषण व आरोग्य शिक्षण आणि पूर्वप्राथमिक शिक्षण या सहा सेवांचा भार मुख्यत्वे या बाईवर आहे, शिवाय मोबाईलवरील नोंदी. शिकविण्याला वेळ उरतो तो शेवटी. एवढे करून तिला मिळते ते वेतन नव्हे, मानधन. सेविका व मदतनीस ग्रॅच्युइटीस पात्र आहेत, हे सर्वोच्च न्यायालयास २०२२ साली सांगावे लागले. वेळ आणि मोबदला हीसुद्धा साधनेच आहेत. ती न देता तिच्याकडून केवळ त्यागाची अपेक्षा करणे आम्हांस पटत नाही.

संस्थांनी मदत करताना रंगीत तक्ते भेट देऊन फोटो काढण्याची रीत आहे. तक्ते उंचावर लागतात, मुलांच्या हाती काही येत नाही. त्यापेक्षा वस्तीतल्या सुताराकडून लाकडाचे उरलेले तुकडे घासून ठोकळे करून घ्यावेत, शिंप्याकडच्या चिंध्यांच्या बाहुल्या शिवाव्यात, आजीला आठवड्यातून एकदा गोष्ट सांगायला बोलवावे. नळ गळत असेल तर तो आधी दुरुस्त करावा. आणि चिंचोके, मणी, बिया दिल्या तर मोजून द्याव्यात व मोजून परत घ्याव्यात. तीन वर्षांखालील मुलांच्या हाती त्या देऊच नयेत, कारण नाकात चिंचोका घालणारे एक तरी मूल प्रत्येक बालवाडीत असतेच.