रानात सुटलेला बार

टिटवाळा म्हटलं की बाहेरच्या माणसाला महागणपती आठवतो, अंगारकीची रांग आठवते, फार तर काळू नदी. बंदूक काही कुणाला आठवणार नाही. पण आमच्या स्टेशनबाहेर भाजी घेऊन बसणाऱ्या बायकांशी भातकापणीच्या दिवसांत जरा बोलून बघा. खडवली, वासिंद, आटगावकडच्या पाड्यांवरून पहाटेच्या लोकलने येतात त्या. करटोली, काकड्या, वालाच्या शेंगा पुढ्यात, आणि तोंडी एकच विषय : डुकरं.

"रात्रीत अख्खं खाचर लोळवलं बघा ताई. खाल्लं त्याच्या दुप्पट तुडवलं."

मग काय करता, असं विचारलं की उत्तर येतं, "राखण. पुरुष मंडळी जातात रातची." आणि इथे आवाज थोडा खाली येतो. राखण म्हणजे कधी पत्र्याचा डबा बडवणं, कधी फटाके आणि कधी कुणाच्या तरी माळ्यावरून उतरलेली जुनी ठासणीची बंदूक. त्यापुढे राखण आणि शिकार यांच्यातली रेघ पुसट होत जाते.

कुणी म्हणेल, बायकांच्या पुरवणीत बंदुकीचं काय काम? बंदूक पुरुष उचलतो हे खरं. पण ती घरात कुठे ठेवली आहे, पोरांचा हात तिथे पोचतो का, रात्री नवरा कुणाबरोबर रानात गेला आणि सकाळी किती जण परत आले, हे सगळं बाईलाच ठाऊक असतं. आणि बार चुकला तर पुढची वीस-पंचवीस वर्षं निस्तरायचं तेही तिनेच.

जानेवारी 2025 च्या अखेरीची पालघर जिल्ह्यातली गोष्ट वर्तमानपत्रांत आली होती. मनोरजवळच्या बोरशेतीच्या जंगलात गावातली काही माणसं रानडुकराच्या शिकारीला गेली. रानात पांगापांग झाली. अंधारात पुढे हालचाल दिसली, डुक्कर समजून एकाने बार काढला, आणि तो लागला आपल्याच माणसाला. एक जण जिवानिशी गेला. पण मला त्याहून जास्त हादरवलं ते पुढच्या गोष्टीने. घाबरलेल्या सोबत्यांनी पोलिसांना कळवलं नाही, मृतदेह झुडपांत लपवला. काही दिवसांनी पोलिसांना सुगावा लागला, शोधाशोध झाली, मृतदेह मिळाला आणि सोबत गेलेल्यांना अटक झाली. कुणी कुणाचा वैरी नव्हता. एकाच परिसरातले, एकमेकांच्या लग्नकार्यात वाढपाला उभे राहणारे लोक.

अशी चूक आपल्याकडचे अडाणी लोकच करतात असं समजायचं कारण नाही. फेब्रुवारी 2006 मध्ये अमेरिकेचे त्या वेळचे उपराष्ट्राध्यक्ष डिक चेनी टेक्सासमध्ये लाव्यांच्या शिकारीला गेले होते. उडणाऱ्या पक्ष्याच्या मागे त्यांनी बंदूक फिरवली आणि चाप ओढला, तेव्हा नळीसमोर होते त्यांचेच सोबती हॅरी व्हिटिंग्टन, वय 78. तोंडावर, मानेवर, छातीवर छर्रे बसले. वाचले बिचारे. बंदूक उत्तम, परवाना आहे, लख्ख दिवस आहे, आजूबाजूला सुरक्षारक्षकांचा ताफा आहे, तरी हे झालं. मग आपल्याकडे काळोखात, पळसाच्या झुडपात काय होत असेल!

जिम कॉर्बेट यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. नरभक्षक वाघांचा पिच्छा पुरवणारे कॉर्बेट वाघांच्या तावडीतून सुटले, पण 1929 साली एका शिकारीत शेजारच्या माणसाच्या हातातली रायफल त्यांच्या कानाशी सुटली आणि कानाचा पडदा फाटला. त्या दुखण्यात गळू झालं, आणि तशाच अवस्थेत ते तल्लादेशच्या नरभक्षक वाघिणीमागे हिंडले. सगळ्यात जाणत्या शिकाऱ्यालाही धोका झाला तो सोबत्याच्या बंदुकीचा.

आता ही बंदूक चालते कशी ते थोडं समजून घेऊ, म्हणजे अपघात कुठे दडलेला असतो ते कळेल. ठासणीच्या बंदुकीत नळीच्या तोंडातून आधी दारू ओततात, त्यावर चिंधी किंवा काथ्या गजाने ठासतात, मग छर्रे, मग पुन्हा चिंधी. मागच्या बाजूला एका बारीक बोंडावर पितळेची किंवा तांब्याची छोटी टोपी बसवतात. चाप ओढला की घोडा त्या टोपीवर आपटतो, ठिणगी आत जाते आणि बार उडतो. कारतुसाची बंदूक मोडून, म्हणजे बिजागरीवर वाकवून, कारतूस काढून खिशात टाकता येतं. नळी रिकामी आहे का हे डोळ्याने दिसतं. ठासणीची तशी पटकन रिकामी होत नाही. एकदा भरली की एक तर बार उडवायचा, नाहीतर खटपट करून आतलं सगळं उपसायचं. रात्रभर डुक्कर आलंच नाही तर पहाटे कंटाळलेला माणूस काय करतो? भरलेली बंदूक तशीच खांद्याला लावून घरी येतो आणि दाराआड उभी करून झोपतो. उद्या पुन्हा जायचंच आहे ना! दारू फुकट का घालवायची?

माझ्या मते सगळ्यात घातक गोष्ट हीच, ही काटकसर. टोपी काढली की काम झालं असंही अनेकांना वाटतं. टोपी काढायलाच हवी, पण आत दारू आणि छर्रे आहेतच. जुन्या बंदुकीचा घोडा झिजलेला असतो. अर्धा चढवून ठेवलेला घोडा धक्क्याने, पडल्याने, कशात अडकल्याने सुटू शकतो. शिवाय गावठी बनावटीची असेल तर नळीचं पोलाद कसलं, जोड कसला, कुणी तपासलेलं असतं? दारू जरा जास्त पडली की नळीच फुटते, आणि फुटते ती धरणाऱ्याच्या तोंडाशी.

शहरातल्या, परवान्याच्या बंदुकांचीही गोष्ट निराळी नाही. अभिनेता गोविंदा आठवतो? 1 ऑक्टोबर 2024 च्या पहाटे कोलकात्याला निघायच्या गडबडीत, जुहूच्या घरी त्याचंच परवान्याचं रिव्हॉल्व्हर ठेवता ठेवता हातातून निसटलं, गोळी सुटली आणि त्याच्याच पायात गुडघ्याखाली घुसली. ऑपरेशन करून ती काढावी लागली. जुन्या पद्धतीच्या काही रिव्हॉल्व्हरमध्ये घोडा थेट भरलेल्या घराच्या तोंडाशी टेकलेला असतो, नुसतं पडलं तरी गोळी सुटू शकते. म्हणून हत्यार ठेवायचं ते रिकामं करून. गोळ्या दुसरीकडे, कुलपात, आणि किल्ली आपल्याला माहीत असलेल्या जागी, पोरांना माहीत नसलेल्या.

जाणते लोक बंदुकीचे जे नियम सांगतात ते ऐकायला अगदी स्वयंपाकघरातल्या शिस्तीसारखे वाटतात. प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असं धरून चालायचं, "रिकामी आहे हो" या शब्दावर विश्वास नाही. (गॅसचा वास येत असताना "बंद केलाय मी" म्हणणाऱ्यावर आपण तरी ठेवतो का?) नळीचं तोंड माणसाकडे कधीच वळू द्यायचं नाही, गमतीतसुद्धा. निशाण नक्की होईपर्यंत बोट चापावर नको, बाहेर सरळ. आणि पुढे काय आहे एवढंच नाही, त्याच्या मागे काय आहे तेही दिसल्याशिवाय बार नाही. बांध, ओढा, काटेरी कुंपण ओलांडायचं तर आधी बंदूक रिकामी करायची, नाहीतर सोबत्याच्या हाती द्यायची. घसरलेल्या पायासरशी माणूस मूठ आवळतो, आणि बोट चापावर असलं की झालं. दारू प्यालेल्याच्या हाती तर बंदूक नकोच, आणि खेदाची गोष्ट अशी की रात्रीच्या राखणीला बाटली बरोबर असतेच.

हाक्याच्या शिकारीत, म्हणजे काही जण ओरडत जनावर हाकतात आणि काही दबा धरून बसतात तेव्हा, धोका दुप्पट. ठरवून दिलेली जागा सोडून कुणी पुढे सरकला, लघवीला उठला, की तो अंधारात जनावरच दिसतो. झुडूप हललं, पाला वाजला, दोन डोळे चमकले एवढ्यावर बार काढणारा माणूस शिकारी नव्हे, तो फक्त घाबरलेला आणि उतावळा माणूस. अमेरिकेत बऱ्याच राज्यांत शिकाऱ्यांना भडक नारिंगी जाकीट घालायची सक्ती आहे, ती याचसाठी. आपल्याकडे घालणार कोण? लपूनछपून चाललेलं काम, त्यात भडक रंग कसा चालेल!

आणि खरी मेख इथेच आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, रानडुकरालाही हा कायदा लागू आहे. शिकारीला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पिकाची नासधूस करणाऱ्या डुकरांबाबत वनखात्याची परवानगी रीतसर मागता येते, आणि 1959 च्या शस्त्र कायद्यात पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची सोयही आहे. पण एवढे हेलपाटे घालणार कोण, म्हणून लोक विनापरवाना हत्यार घेऊन चोरून जातात. मग अपघात झाला की आधी आठवतं ते पोलीस स्टेशन, जखमी माणूस नंतर. माझ्या ओळखीची एक परिचारिका सांगत होती, "रक्त थांबवता आलं असतं अशी माणसं उशिरा येतात. आधी घरी हळद भरतात, मग जडीबुटी, मग रिक्षा शोधतात."

म्हणून हे नीट लक्षात ठेवा. गोळी किंवा छर्रा लागला तर जखमेत बोट घालून शोधायचं नाही, हळद-राख-चुना काही भरायचं नाही. स्वच्छ कापडाची घडी करून जखमेवर दोन्ही हातांनी दाबून धरायची, आणि भिजली तरी ती काढायची नाही, वरून दुसरी ठेवायची. खायला-प्यायला द्यायचं नाही, ऑपरेशन लागू शकतं. 108 ला फोन करायचा. दवाखान्यात पोलिसांना कळवतात हे खरं, ते डॉक्टरांना करावंच लागतं. पण आधी उपचार, मग कागद, हे सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्येच परमानंद कटारा खटल्यात स्पष्ट सांगितलंय. पोलीस येईपर्यंत थांबा, असं कुणी म्हणू शकत नाही. निष्काळजीपणाने जीव गेला तर जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. मृतदेह लपवला, पुरावा दडवला, तर तो आणखी वेगळा गुन्हा. चुकीने झालेल्या बारापेक्षा लपवाछपवीच माणसाला जास्त खोल नेते.

डुकरांचं काय करायचं हा प्रश्न उरतोच, आणि तो खोटा नाही. नुकसान झालं की तीन दिवसांच्या आत वनखात्याकडे अर्ज द्यायला हवा, पंचनामा होतो, भरपाई मिळते. मिळायला वेळ लागतो, हेलपाटे पडतात, हे भाजीवाल्या बायकांकडून मी अनेकदा ऐकलंय, आणि त्यांचा राग मला रास्त वाटतो. वनखात्याचा 1926 हा फोन नंबर निदान भिंतीवर लिहून ठेवावा.

आणखी एक. कित्येक घरांत नवरा किंवा सासरे गेल्यावर त्यांची बंदूक तशीच कपाटात राहते. परवाना गेलेल्या माणसाच्या नावावर असतो, तो आपोआप बायकोच्या नावावर होत नाही. अशी बंदूक विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे जमा करायची आणि पावती घ्यायची. ठेवायची असेल तर वारसाला स्वतःचा परवाना काढावा लागतो. जमा करायला नेताना स्वतः रिकामी करायच्या भानगडीत पडू नका. ठाण्याला फोन करून सांगा, भरलेली आहे की नाही माहीत नाही, कुणाला तरी पाठवा.

दसरा आला की शस्त्रपूजन होतं. पाटावर विळी, कोयता, सुरी, कात्री आणि काही घरांत बंदूकही मांडतात, हळदकुंकू वाहतात. पोरं भोवती उकिडवी बसलेली असतात, त्यातलं एखादं घोड्याला हात लावून बघतंच. आपट्याची पानं ठेवायच्या आधी त्या बंदुकीच्या मालकाला सगळ्यांसमोर ती मोडून, दोन्ही नळ्यांतून पलीकडचा उजेड दाखवायला सांगा. ठासणीची असेल तर मांडायचीच नाही.