मुंबईला स्पिनर का सापडत नाही?

मुंबई इंडियन्सची मॅच असली की होस्टेलच्या टीव्ही रूममध्ये एक वाक्य हमखास ऐकू येतं, "आपल्याकडे स्पिनरच नाही यार!" माझं म्हणणं जरा वेगळं आहे. मुंबईला स्पिनर सापडतात, तेही इतरांच्या आधी. टिकत मात्र नाहीत.

युझवेंद्र चहलचंच बघा. २०११ च्या चॅम्पियन्स लीग फायनलमध्ये त्याने बेंगळुरूविरुद्ध ३ षटकांत ९ धावा देऊन २ बळी घेतले. एवढं करूनही आयपीएलमध्ये मुंबईने त्याला एकच मॅच दिली, २०१३ मध्ये. पुढच्या वर्षी बेंगळुरूने त्याला १० लाखांत उचललं. आयपीएलमध्ये २०० बळी घेणारा पहिला गोलंदाज तोच, आणि २०० वा बळी घेतला २२ एप्रिल २०२४ ला, मुंबईविरुद्धच! कुलदीप यादव २०१२ मध्ये आणि अक्षर पटेल २०१३ मध्ये मुंबईच्याच संघात होते. दोघांनाही एकही मॅच मिळाली नाही.

आता मुंबईची बाजूही ऐकायला हवी. २०१३ मध्ये संघात हरभजन आणि प्रग्यान ओझा होते. हरभजनने त्या मोसमात २४ बळी घेतले आणि मुंबईने पहिल्यांदा आयपीएलची ट्रॉफी जिंकली. अशा वेळी नवख्या पोराला कोण खेळवणार? त्यात वानखेडे समुद्राजवळचं मैदान. बाउंड्री छोटी, रात्री दव पडलं की बॉल हातातून साबणासारखा निसटतो. मग कॅप्टनचा हात आपोआप फास्ट बोलरकडे जातो. शिवाय दर तीन-चार वर्षांनी मोठा लिलाव होतो आणि मोजकेच खेळाडू राखता येतात. म्हणजे घडवायचं आपण आणि कॅम्पसमधून उचलून न्यायचं दुसऱ्या कंपनीने!

पण हे सगळे नियम बुमराहलाही लागू होतेच की. पहिल्या तीन मोसमांत त्याचे १७ मॅचमध्ये फक्त ११ बळी होते. तरी मुंबईने त्याला धरून ठेवलं, आणि आज तो कुठे आहे ते सांगायला नको. हा धीर स्पिनरच्या वाट्याला आला नाही. लेगस्पिन नेटमध्ये पक्की होत नाही. मॅचमध्ये चार सिक्स खाल्ल्यावर पाचवा बॉल हवेत सोडायची हिंमत मॅच खेळूनच येते. प्रॅक्टिकल न करता व्हायवाला बसल्यासारखं आहे ते.

मयंक मार्कंडेने २०१८ मध्ये १५ बळी घेतले. पुढच्या मोसमात त्याला जेमतेम ३ मॅच मिळाल्या, मग दिल्लीला रवानगी. राहुल चहरने २०१९ ते २०२१ मध्ये ४१ बळी घेतले. २०२२ च्या लिलावात तो ५.२५ कोटींना पंजाबकडे गेला आणि मुंबई त्या मोसमात शेवटच्या नंबरवर! २०२३ मध्ये ५० लाखांत आलेल्या पियूष चावलाने २२ बळी घेऊन लाज राखली, पण तो आधीच चौतिशीचा. त्याला काय घडवणार?

(आपल्या पालघरचा शार्दूल ठाकूरसुद्धा पंजाब, पुणे, चेन्नई, दिल्ली, कोलकाता, लखनौ अशी स्टेशनं घेत २०२६ च्या मोसमासाठी मुंबईला पोचला. पण तो फास्ट बोलर, त्याचा विषय वेगळा.)

२०२५ मध्ये केरळच्या विघ्नेश पुथुरला मुंबईने शोधून काढलं. त्याने पहिल्याच मॅचमध्ये चेन्नईचे ३ बळी घेतले. पुढे दुखापत झाली आणि मोसम संपल्यावर त्यालाही सोडलं. त्याच सुमारास कोलकात्याकडून एक लेगस्पिनर मुंबईने मागून घेतला. कोण? मयंक मार्कंडे, तिसऱ्यांदा!